मागच्या बंपरचा दणका

लाल काढा, निळे चढवा. निळे काढा, लाल चढवा. अक्काचं कॉलेजातलं सगळं शिक्षण या दोन वाक्यांत मावत होतं. बाकी वर्गात जे काही शिकवलं गेलं, त्याची किंमत तिच्या लेखी कवडीचीही नव्हती.

खेळ साधा होता, गाजावाजाच फार. मोठ्या हॉलच्या मधोमध कुंपण घातलेलं मैदान, त्यात एका बाजूला लाल रोबो, दुसऱ्या बाजूला निळा. चेंडू उचलायचे, जाळीत फेकायचे आणि मधल्या वेळात एकमेकांना धडका मारायच्या. यंत्रं मोडू नयेत म्हणून प्रत्येक रोबोच्या चारही अंगांना बंपर. प्लायवुडची फळी, तिच्यावर फोमच्या जाड नळ्या आणि त्यावर ताणून ठोकलेलं कापड. ज्या बाजूला उभं राहायचं त्या रंगाचं. म्हणजे दोन सामन्यांच्या मधे, बाकीचे चहा पिऊन येईपर्यंत, एका रंगाचे चार बंपर उतरवायचे आणि दुसऱ्या रंगाचे चार चढवायचे. बॅटरीही त्यातच बदलायची, कारण ती मागच्या बंपरच्या आड होती. हे सगळं अक्का करायची.

काम गुडघ्यांवर बसून करावं लागतं. तिथून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, बूट दिसतात. अक्का बुटांवरून माणसं ओळखायला शिकली होती, आणि चेहरे दिसत नाहीत तेच बरं, असं तिचं ठाम मत झालं होतं.

सरांचे बूट कायम चकचकीत. टीमचे मार्गदर्शक ते. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांची हयात गेलेली. टीमच्या रोबोला पोरं ढोल्या म्हणत, अंगाने तो होताही तसाच. त्याला वीज मिळते आहे की नाही हे सांगणारा एकच हिरवा दिवा होता, आणि सरांनी तो लावून घेतला कुठे, तर बॅटरीच्या प्लगशेजारी. मागचा बंपर चढला की दिवा झाकला.

"वरून हात जाईल एवढी फट आहे ना," सर म्हणाले होते. "वाकलं की दिसतो."

घरात दिवा लावावा आणि वर टोपली पालथी घालावी, तशी ही हुशारी. अक्का त्यांच्या तोंडावर काही बोलली नव्हती. माघारी मात्र वर्षभर पुरेल इतकं बोलली होती.

दुसऱ्या टीमांबद्दल तर विचारूच नका. शेजारच्या टीमचे बंपर ढगळ विजारीसारखे घसरायचे. ते चाकांत अडकून धावता धावता रोबो थांबायचा आणि पोरं म्हणायची, मैदानच सपाट नाही. नाचता येईना अंगण वाकडे. पलीकडच्यांनी कापडाला इस्त्री केली होती. इस्त्री! आणि एका टीमचा मागचा बंपर भर सामन्यात गळून पडला, त्यांना बाद केलं, त्यांची कप्तान ढसाढसा रडली, तेव्हा अक्का पोट धरून हसली होती. त्याच दिवशी तिने आपला मागचा बंपर उतरवला आणि बसायची खाच आणखी तंग केली. आता तो नुसता ठेवून बसत नसे. कड्या अडकवायच्या, पिना भोकांशी आणायच्या आणि मग तळहाताचा एक सणसणीत दणका द्यायचा. ढप्प! तो आवाज झाला की हॉलच्या त्या कोपऱ्यातल्या सगळ्यांना कळायचं, ढोल्या तयार झाला. अक्काला तो आवाज फार आवडायचा. दिवसभरात तिच्या वाट्याला येणारी तेवढीच काय ती दाद.

बाकी सगळी दाद राजे घेऊन जायचा.

राजे म्हणजे तिचा पाठचा भाऊ. नाव तिनेच ठेवलेलं, टोमणा म्हणून. पठ्ठ्याने ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं. टीममध्ये तिच्या मागून आला, कानामागून आला आणि तिखट झाला. वर्षभरात चालक! अक्काने बांधावं, घासावं, चढवावं, उतरवावं, आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा रोबो चालवायचे दोन दांडे हातात धरून मैदानाच्या कडेला उभा राहणार. त्याला हत्यार ओळखता यायचं नाही. एकदा त्याला पाना मागितला तर त्याने पक्कड आणून दिली होती. रागावलं तर खांदे उडवायचा. हसलं तरी खांदे उडवायचा. निर्लज्जम् सदासुखी.

आणि ते नाटक! सामना सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी कुंपणाबाहेर जायचं, फक्त चालकाने रोबोपाशी थांबायचं, असा नियम होता. त्यानंतर दुसऱ्या कुणी रोबोला बोटही लावायचं नाही. इतर चालक एक नजर टाकून आपल्या जागी जायचे. राजे मात्र ढोल्याच्या मागे जायचा, गुडघा टेकायचा, गाल त्याच्या पाठीला लावायचा आणि एक हात मागच्या बंपरवरून आत घालून, बैलाला थोपटावं तसं काहीतरी करायचा. हॉलमध्ये टाळ्या पडायच्या. पोरी फोटो काढायच्या. आई ते फोटो शेजारणींना दाखवायची.

"यंत्रावरसुद्धा किती माया बघा पोराची," आई म्हणायची.

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या यंत्राच्या अंगावरचा एक स्क्रू याने कधी घट्ट केला नाही, त्याच्यावर माया! उद्या दगडाला मिठी मारील आणि वर म्हणेल, मीच घडवला.

त्याच सुमाराला मागच्या बंपरच्या कापडावर डाग पडायला लागले. लाल काय, निळा काय, वरच्या कडेला एकाच जागी काळपट तेलकट पट्टा, आणि तिथली वीण उसवलेली. अक्काने सगळ्या टीमला ओळीने उभं केलं.

"बंपर म्हणजे काय हात पुसायचं फडकं वाटलं? कोण आहे तो?"

राजे छताकडे बघत होता. अक्काने ठिगळ लावलं, ते पुन्हा उसवलं. तिने ते टीममधल्या एकूण गलिच्छपणाच्या खात्यात जमा केलं आणि पुन्हा शिवलं.

एकदा मात्र राजे तिच्याजवळ येऊन बसला होता. कार्यशाळेत दुपारची वेळ, पोरं इकडेतिकडे पसरलेली, ती मागचा बंपर बसवत होती.

"अक्का, तो शेवटचा दणका जरा हळू देत जा ना. कधीकधी आतमध्ये..."

"तू मला बंपर लावायला शिकवणार?" तिने वरही न बघता विचारलं. "आधी बुटाची नाडी बांधायला शीक. कालपासून लोंबतेय."

पोरं खदाखदा हसली. राजेही हसला. वाकून त्याने नाडी बांधली, खांदे उडवले आणि गेला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. अक्काने तर तो त्याच संध्याकाळी डोक्यातून काढून टाकला.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे तिचं शेवटचं वर्ष, आणि शेवटच्या वर्षी एकदा, एकदा तरी, ढोल्या तिला चालवायचा होता. कार्यशाळेत कुणी नसताना ती तो चालवायची. चेंडू उचलायची, जाळीत टाकायची, भिंतीपासून वीतभर अंतरावर गर्रकन वळवायची. राजेपेक्षा ती चांगली चालवते हे तिला माहीत होतं, आणि ते बघायला तिथे कुणी नव्हतं हेही माहीत होतं. वर्षाच्या सुरुवातीला तिने सरांना विचारलं, तेव्हा सर म्हणाले होते, "बघू." सरांचं बघू म्हणजे आंधळ्याने रस्ता दाखवण्यातला प्रकार.

ढोल्या फायनलला पोचला. उपांत्य सामना त्याने लाल बाजूला खेळून जिंकला होता, फायनल निळ्या बाजूला खेळायची होती. आई वर खुर्च्यांत येऊन बसली होती. अक्काने चारही लाल बंपर उतरवले, निळे एकावर एक रचले आणि त्या ढिगावर ती बसली.

चकचकीत बूट समोर येऊन थांबले.

"अगं, बसलीस काय? वेळ होत आला."

"सर, फायनल मी चालवणार."

"आत्ता? हे काय आत्ता काढलंस?"

"तुम्ही बघू म्हणाला होतात. आता बघा."

"चालक बदलायला नियमाची हरकत नाही, पण राजेचा हात बसलाय. फायनल आहे गं. नंतर एखादा मैत्रीचा सामना घेऊ तुझ्यासाठी..."

"मग राजेलाच सांगा चढवायला." अक्काने बुडाखालच्या ढिगावर थाप मारली. "बंपरशिवाय ढोल्याला कुंपणाच्या आत घेणार नाहीत. चढवा सगळे मिळून. मी बघते."

सरांनी पोरांकडे बघितलं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातल्या एकालाही कुठली पिन कुठे जाते ते ठाऊक नव्हतं. एकाने उगीच एक पिन उचलली, उलटसुलट केली आणि परत ठेवली. खायला काळ आणि भुईला भार! अक्काला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की फायनल हरली असती तरी चाललं असतं.

"चालवू द्या ना, सर," राजे म्हणाला. "ती माझ्यापेक्षा चांगली चालवते."

कुणी पाणी मागितलं आणि पेला पुढे केला, इतक्या सहज तो हे बोलला. अक्का भांडायला पदर खोचून बसली होती, आणि याने भांडणच काढून घेतलं. फुकटचा मोठेपणा! तोही सगळ्यांच्या देखत! तो तिच्या आणखीच डोक्यात गेला.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पण जबाबदारी तुझी."

अक्का उठली. नवी बॅटरी बसवली, प्लग दाबला, हिरवा दिवा लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. पुढचा बंपर, दोन बाजूंचे, मग मागचा. कड्या, पिना. आणि दणका. आज तो असा बसला की शेजारच्या टीमच्या टेबलावरचे स्क्रू उडाले. ढप्प!

मैदानाकडे जाताना ढोल्याची हातगाडी राजे ढकलत होता. अक्का पुढे चालत होती.

"अक्का, ऐक. सगळे बाहेर गेले की मागे वाक, आणि फटीतून हात घालून..."

"तुझी नाटकं मला नकोत. मी यंत्र चालवायला चाललेय, लाड करायला नाही."

"नाटक नाही गं. दिवा बघ एकदा. तेवढाच."

"दिवा मी बघितलाय. बंपर मी लावलाय. तू गाडी ढकल."

ढोल्याला मैदानात उतरवलं. सगळे कुंपणाबाहेर गेले. अक्का त्याच्यापाशी एकटी उभी राहिली. हॉल भरलेला, दिवे डोळ्यांवर. लोक वाट बघत होते, तो नेहमीचा गुडघा टेकण्याचा कार्यक्रम कधी होतो म्हणून. कुंपणापलीकडून राजे ओरडत होता, "मागे! अक्का, मागे बघ!" आणि हवेत हात घालून दाखवत होता. चालवायला मिळालं नाही, तर निदान दिग्दर्शन तरी करायचं होतं त्याला. अक्काने त्याच्याकडे बघितलं, मग ढोल्याकडे, आणि कंबर न वाकवता, मान ताठ ठेवून ती आपल्या जागी गेली. दोन्ही दांडे हातात घेतले.

भोंगा वाजला. अक्काने दांडे पुढे केले.

ढोल्या उभा होता.

तिने ते मागे घेतले, पुन्हा पुढे केले, डावीकडे, उजवीकडे, मग दोन्ही हातांनी दाबून धरले. ढोल्या उभाच. लाल रोबो आधी दुरून वळसे घालत राहिला, त्याला काही डाव वाटला असावा. मग त्याला कळलं. त्याने येऊन ढोल्याला एक ढुशी दिली. ढोल्या सरकला. दुसरी दिली. ढोल्या कोपऱ्यात गेला. मग तो आरामात चेंडू उचलायला लागला, आणि येता-जाता गंमत म्हणून धडका देत राहिला. अक्काने आयुष्यात बनवलेले बंपर त्या दिवशी जसे टिकले तसे कधीच टिकले नव्हते. एक पिन हलली नाही, एक टाका उसवला नाही.

"निळ्या टीमचे बंपर मात्र मजबूत आहेत हं!" निवेदक म्हणाला, आणि अख्खा हॉल हसला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सामना संपेपर्यंत अक्का दांडे धरून उभी होती.

भोंगा पुन्हा वाजला आणि सगळ्यांच्या आधी राजे कुंपण ओलांडून आत धावला. ढोल्याच्या मागे गुडघा टेकला, गाल पाठीला लावला, हात फटीतून आत घातला. अक्का मागोमाग पोचली आणि पहिल्यांदाच इतक्या जवळून तिने ते बघितलं. तो थोपटत नव्हता. चिंचोळ्या जागेत बोटं वाकडी करून तो काहीतरी आत रेटत होता. कट्, असा बारीक आवाज झाला. तिने खाली वाकून, त्याच्यासारखाच गाल टेकवून बघितलं. हिरवा दिवा लागला होता. तो दिसायला दुसरी कुठली जागाच नव्हती.

राजेने हात बाहेर ओढला. बोटांच्या सांध्यांवर जुनं-नवं खरचटलेलं, त्यावर तेलाचा काळा थर. हात निघताना कापडाच्या वरच्या कडेला घासला. बरोबर तिथेच, तिच्या ठिगळावर.

"असं आधी किती वेळा झालं?" अक्काने विचारलं.

"मोजलं नाही. तुझा दणका जोरात बसला की कधीकधी प्लग सुटतो. दर वेळी नाही."

"मग मला सांगायचं नाही?"

राजेने तिच्याकडे बघितलं, आणि नेहमीसारखे खांदे उडवले. अक्काला ती कार्यशाळेतली दुपार आठवली. त्याची ती लोंबणारी नाडी आठवली आणि हसणारी पोरं आठवली, आणि तिला स्वतःची किळस आली.

पण ते सगळं पुढ्यात येऊन पडलं ते टीमच्या जागेवर पोचल्यावर. सर तिथे वाट बघतच होते. चेहरा लाल झालेला.

"प्लग उपटलेला होता, हो ना?" ते राजेला म्हणाले. "सामना संपल्याबरोबर आत धावलास आणि गुपचूप बसवून टाकलास. आम्हाला काय डोळे नाहीत? गाडी तू ढकलत होतास. चालवायला मिळालं नाही म्हणून बहिणीच्या हातून घालवलीस ना फायनल?"

राजेने खांदे उडवले. पोरं त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या नजरेत तोच तुच्छपणा होता जो अक्काने त्यांना वर्षानुवर्षं, एकेक टोमणा देऊन, शिकवला होता. आई खाली आली होती. नुसती राजेकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"सर, त्याने काही केलेलं नाही," अक्का म्हणाली. "माझ्या दणक्याने प्लग सुटतो. आधीही सुटलाय. हा दर सामन्याआधी हात घालून तो बसवत होता. म्हणून आपण इथवर पोचलो."

"दर सामन्याआधी? आणि कुणाला बोलला नाही?" सर हसले. "हा? वाकून टाळ्या घेणारा हा? अक्का, तूच सांगायचीस ना, याला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही म्हणून?"

"मी चुकीचं सांगत होते!"

"भाऊ आहे, पाठीशी घालणार तू. कळतं मला."

"थांबा. दाखवते."

अक्काने पिना ओढल्या, मागचा बंपर उतरवला. सगळ्यांना दिवा दिसला, हिरवा. तिने बंपर पुन्हा चढवला, कड्या लावल्या, दणका दिला. ढप्प. उतरवला. दिवा हिरवा.

"दर वेळी नाही सुटत," ती म्हणाली. पुन्हा चढवला, आणखी जोरात मारलं. उतरवला. हिरवा. पुन्हा. तिचा तळहात लालबुंद झाला. केस तोंडावर आले. प्लग ढिम्म हलत नव्हता. सरांच्या हुशारीने बसवलेला तो दिवा तिच्याकडे बघत तसाच जळत होता.

"अक्का, सोड," राजे हळूच म्हणाला.

ती सोडायला तयार नव्हती. तिने बंपर पुन्हा उचलला, तेव्हा आईने पुढे होऊन तो तिच्या हातातून काढून घेतला आणि तिला जवळ ओढलं. ज्या हाताने आजवर शेजारणींना राजेचे फोटो दाखवले होते, तो हात आई तिच्या पाठीवरून फिरवायला लागली.

"त्याने इतकं वाईट केलं तरी त्याच्यासाठी खोटं बोलतेय," आई म्हणाली. "माझ्या पोरीची मला पारखच नव्हती."

"मन मोठं आहे तिचं," सर म्हणाले.

पोरांनी माना डोलावल्या. राजे खाली बसला आणि पसरलेल्या पिना एकेक करून वेचायला लागला.